घोडं कुठं पेंड खातं?

(बुऱ्हाणपूर येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलताना घेतलेली वळणं छापतानाही तशीच ठेवली आहेत.)



कबुली देऊन सुरुवात करतो. या व्याख्यानाचं पत्र मला श्रावणात आलं. विषय मीच कळवला होता : विद्यार्थ्यांची चालढकल आणि परीक्षेचा ताण. मग गणपती आले-गेले, नवरात्र झालं, दिवाळीचा चिवडा नरम पडला, तरी कागदावर एक ओळ नव्हती. त्या तीन महिन्यांत मी कपाटं आवरली, सायकलला तेल दिलं, वीसेक वर्षांची लाइट बिलं तारीखवार लावून त्यांना दोरा बांधला. आमच्या घरी इतकी टापटीप पूर्वी कधी नव्हती. शेवटी बायको म्हणाली, "भाषण नेमकं कुठं अडलंय, ते तरी बघा." तिनं नकळत ज्यांचा प्रश्न विचारला, त्या माझ्या गुरुजींच्याच स्मरणार्थ आज आपण इथं जमलो आहोत.

गुरुजींच्या वर्गात मी सहावीला होतो. शाळा हिंदी माध्यमाची. आपल्या गावातल्या मराठी पोरांचं तेव्हाही असंच होतं आणि आजही फारसं वेगळं नाही : आई मराठीत रागावते, मास्तर हिंदीत रागावतात आणि पुढं कॉलेजात गेलं की पेपर इंग्रजीत रागावतो. गृहपाठ केला नाही की बाकीचे मास्तर कोंबडा करत. गुरुजी वही उघडून आपल्यासमोर ठेवत आणि आवाज न चढवता विचारत, "घोडं कुठं पेंड खातंय? बोट ठेव." बोट ठेवल्याशिवाय सुटका नाही. मी चार दिवस "करतो, करतो" म्हणत होतो. अपूर्णांकांची बेरीज होती, पाच गणितं. बोट कुठं ठेवावं कळेना. वरून खाली सरकवत सरकवत शेवटी पहिल्याच गणिताच्या छेदावर ठेवलं. मला लसावि काढता येत नव्हता. वर्गात त्याला 'लघुत्तम' म्हणायचे आणि तो शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा. गुरुजींनी बाजूला घेऊन मराठीत समजावलं. दहा मिनिटं लागली असतील. वही त्याच संध्याकाळी पुरी झाली.

चार दिवसांची टाळाटाळ आणि मुळाशी दहा मिनिटांचा लसावि. पुढं ४० वर्षं मी स्वतः पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, आणि या हिशोबानं मला फार वेळा चकवलं. कारण माझ्याही तोंडी पहिला शब्द यायचा तो 'आळशी'.

मराठीत आळस आणि चालढकल हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. आळशी माणूस आडवा होतो आणि त्याला झोप लागते. चालढकल करणाऱ्याला तेवढंही सुख नसतं. तो दिवसभर काहीतरी करत असतो, फक्त जे करायचं ते सोडून. वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालेल, पेन्सिलींना टोक करेल, आईला न सांगता दळण आणून देईल. रात्री उशीवर डोकं टेकलं की राहिलेला धडा छातीवर येऊन बसतो. याला आळशी म्हणणं म्हणजे तापाच्या रोग्याला गरम स्वभावाचा म्हणण्यासारखं झालं.

एक मुलगा सांगतो. नाव-गाव राहू द्या. बारावीचा, घर विणकराचं. खाली चार लूम, वरच्या खोलीत याचा अभ्यास. लूम चालू झाले की वरची फरशी थरथरते. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यात बारीक वर्तुळं उठतात, मी स्वतः पाहिली आहेत. घरचे म्हणत, या खटखटीत पोरगा काय अभ्यास करणार! मीही तेच धरून चाललो होतो, त्याला अभ्यासाला माझ्याकडं ये म्हणालो. तर तो म्हणाला, "सर, खरं सांगू? सगळ्यात वाईट वाटतं ते लाइट गेल्यावर. लूम थांबतात, घर एकदम शांत होतं. आणि तरी माझ्याच्यानं पुस्तक उघडत नाही. मग कारण काय सांगायचं?"

मी त्याला म्हटलं, पुस्तक उघडतानाचं एक मिनिट मला सावकाश सांग. त्यानं सांगितलं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक पुढं ओढलं. मधल्या पानावर षट्कोनांची ती रांग दिसली. पोटात ढवळल्यासारखं झालं. 'आधी जरा फ्रेश होऊ' असं मनात आलं आणि हात मोबाइलकडं गेला. "मोबाइल हातात आल्याबरोबर काय झालं?" विचार करून म्हणाला, "बरं वाटलं."

बरं वाटलं! मंडळी, सगळी गोम इथं आहे. टाळण्याची मजुरी रोख मिळते. लूमवरच्या कामगारालासुद्धा आठवड्याचा हप्ता मिळायला शनिवार उजाडावा लागतो. टाळणाऱ्याला क्षणात मिळते. अभ्यासाची मजुरी मात्र उधार, मार्चच्या पेपराला आणि मेच्या निकालाला. रोखीपुढं उधारी टिकत नाही, हे आपल्या बाजारपेठेच्या गावाला मी काय सांगायचं? कॅनडातले टिमोथी पिचिल आणि इंग्लंडमधल्या फ्यूशिया सिरोआ हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच सांगत आहेत, की चालढकल ही घड्याळाची अडचण कमी आणि मनःस्थितीची जास्त. नकोशी भावना या घटकेला घालवायची, बाकीचं उद्याच्या 'मी'नं बघावं.

आणि तो उद्याचा मी बघतो, पण फार महागात. अमेरिकेत डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ साली एक अभ्यास छापला. कॉलेजच्या मुलांवर सत्रभर लक्ष ठेवलं. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा मजेत होती, ताण कमी, दुखणी कमी. सत्राच्या शेवटी उलटं झालं. ताण इतरांपेक्षा जास्त, आजारपण जास्त, आणि मार्क कमी. म्हणजे सुरुवातीला वाचवलेला ताण शेवटी व्याजासकट भरावा लागला. "मला प्रेशरमध्येच चांगलं काम जमतं" असं छाती पुढं काढून सांगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांना मी हा अभ्यास सांगतो. ते ऐकतात, मान डोलावतात आणि पुढच्या सोमवारपासून सुरुवात करू म्हणतात.

इथं सभेतून कुणीतरी मनात म्हणत असेल, सर, हा सगळा मोबाइलचा प्रताप. असेलही, रोख मजुरी खिशातच असली की मोह वाढतो. पण आमच्या वेळी मोबाइल नव्हता तरी प्रॅक्टिकलच्या फायली आदल्या रात्रीच लिहिल्या जात. आमच्या हाताशी कॅरम होता, विविध भारती होती, आणि काहीच नसलं तर तापीचा घाट होता. घाटावर बसून पाणी बघण्यासारखी उत्तम चालढकल जगात नाही.

प्रश्न असा की त्या षट्कोनांची एवढी भीती का वाटावी? षट्कोन काही चावत नाहीत.

इथं मला मुंबईच्या कि. मो. फडके यांची आठवण काढायची आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. फडक्यांनी एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार ठेवून ती आत्मसात केली आणि मराठी माणसापर्यंत आणली. या एलिसनं विल्यम नॉस यांच्याबरोबर १९७७ साली खास चालढकलीवर पुस्तक लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रसंग माणसाला जेवढा छळतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलचा माणसाचा हट्ट छळतो. हे मला इंग्रजीत वाचून नीट कळलं नव्हतं. मराठीत ताडकन कळलं, कारण मराठीत त्या हट्टाला एक अक्षर आहे : 'च'. "मला पहिल्या झटक्यात सिलेक्ट व्हायलाच पाहिजे." "काकाचा मुलगा इंदूरला लागला, मी लागलोच पाहिजे." "धडा एका बैठकीत संपलाच पाहिजे." हा 'च' पुसून वाक्य पुन्हा वाचून बघा. इच्छा तशीच राहते, गळ्यावरची सुरी तेवढी निघते.

एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला विलक्षण घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर बाकावर जाऊन, दिसेल त्या बाईशी दोन शब्द बोलायचे, असा नेम केला. शंभरावर बायकांशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. (शहाण्या मुलांनी हा प्रयोग आपल्या गावच्या बागेत करू नये. केमिस्ट्रीवर करावा.)

भीती घालवायला मागं दार आहे हे माहीत असणंही उपयोगी पडतं. आपल्या मध्य प्रदेशात २०१६ मध्ये 'रुक जाना नहीं' योजना सुरू झाली. मंडळाच्या परीक्षेत नापास झालेल्याला त्याच वर्षी पुन्हा बसता येऊ लागलं. २०२५ पासून तर मंडळानं दुसरी परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. मी हे वर्गात जानेवारीतच सांगायचो. एक पालक माझ्यावर रागावले, म्हणाले, सर, तुम्ही पोरांना नापास व्हायचा रस्ता दाखवता. मी म्हटलं, आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना कुठं आहे हे सांगितल्यानं कुणी आग लावत नाही. त्यांना पटलं नाही ते नाहीच.

आता टाइमटेबलकडं येतो, कारण तो माझ्या आवडीचा विषय. विद्यार्थ्यांनी दाखवायला आणलेली टाइमटेबलं मी जपून ठेवली आहेत, एक बुटाचा खोका भरलाय. रंगीत स्केचपेन, पट्टीनं आखलेले चौकोन, कोपऱ्यात गणपती. जवळजवळ प्रत्येकात 'पहाटे ४ : उठणे' आहे, मग तो मुलगा जन्मात सातच्या आधी उठलेला नसो. एका मुलीचं तर इतकं देखणं होतं, की मी विचारलं, किती वेळ लागला? "दोन दिवस सर." त्या दोन दिवसांत किती अभ्यास झाला? ती हसली, मीही हसलो. टाइमटेबल आखणं ही चालढकलीची सगळ्यात प्रतिष्ठित जात आहे. घरचे रागावत नाहीत, उलट चहा आणून देतात. आणि चोवीस तासांच्या त्या चौकोनांत 'जेवल्यावर दहा मिनिटं भिंतीकडं बघत बसणे' कुणीच लिहीत नाही. माणूस भिंतीकडं तर बघणारच. मग पहिला चौकोन चुकतो, आणि एक चौकोन चुकला की आख्खा कागद खोटा ठरतो.

तिला मी एका जर्मन प्रयोगाबद्दल सांगितलं. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रांडश्टेटर यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. नाताळच्या सुट्टीला निघालेल्या विद्यार्थ्यांना काम दिलं, नाताळची संध्याकाळ कशी घालवली त्याचा अहवाल ४८ तासांत लिहून पाठवा. निम्म्यांना फक्त एवढंच सांगितलं. उरलेल्यांकडून आधीच लिहून घेतलं, की नेमका कधी आणि कुठं बसून लिहिणार. पहिल्या गटातल्या एक तृतीयांश मुलांनीच वेळेत अहवाल लिहिला, दुसऱ्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी. फरक केवढा, आणि कशामुळं? एका ओळीमुळं. मग तिनं एवढंच लिहिलं : 'संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की ओट्याशेजारच्या पाटावर बसून एक गणित.' एक! ती म्हणाली, सर, एका गणितानं काय होणार? मी म्हटलं, दुसरं करू नको असं तिथं कुठं लिहिलंय?

दिव्याचा नेम मोडत नाही, हे महत्त्वाचं. पहाटेचा गजर बंद करता येतो. आईनं लावलेल्या दिव्याला 'पाच मिनिटं थांब' म्हणता येत नाही.

पुढचं बोलणं थोडं जड आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. सगळ्याच काही परीक्षेपायी नसतात. प्रत्येकामागं वेगळं घर, वेगळं दुःख. पण आपल्या गावची पोरं कोटा, इंदूर, पुणे इथं जातात, दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, आणि फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच सांगतात. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र टाळायला लागला, 'माझ्यामुळं सगळ्यांना त्रास' असं बोलायला लागला, तर ती चालढकल समजून पाठीत धपाटा घालू नका. त्याच्याजवळ बसा. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतूनही बोलता येतं. नंबर पुन्हा सांगतो, १४४१६. आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, मी थांबतो.

झालं? बरं.

पालकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कॅनडातच मायकेल वोल आणि पिचिल यांनी २०१० मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी चालढकल केली होती, त्यातल्या ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला कोसत बसलेल्यांच्या वाट्याला हे आलं नाही. आपल्या घरांत नेमकं उलटं शास्त्र चालतं. "वाया घालवलेस ना दोन महिने" हे वाक्य रोज जेवताना वाढलं जातं, भाकरीबरोबर. त्या दोन महिन्यांची आठवण जितकी टोचेल तितकं पुस्तक जड होणार, कारण पुस्तक उघडणं म्हणजे आता त्या अपराधाला तोंड देणं. गुरुजींनी मला कधीही "चार दिवस काय केलंस?" असं विचारलं नाही. चार दिवस गेले ते गेले. बोट छेदावर ठेव.

शेवटी तुम्हाला आपल्या गावच्या जुन्या भुयारी पाणीयोजनेवर, कुंडी भंडाऱ्यावर नेतो. आपण पाहुण्यांना नेतो, स्वतः क्वचित जातो. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आलं तेव्हा पेपरात वाचून अभिमान वाटून घेतला, तेवढंच. मोगल सरदार खानखाना अब्दुर्रहीम इथं असताना, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी हेरलं आणि जमिनीखालून, नुसत्या उतारावर, शहरापर्यंत आणलं. मोट नाही, रहाट नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण म्हणीत म्हणतो. या गावात ते चारशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. त्या योजनेतल्या एका भंडाऱ्याचं नाव तर चिंताहरण आहे. पाण्याच्या टाकीला इतकं नेमकं नाव ठेवणारा माणूस मला भेटायला हवा होता.

पण मला तिथं दरवेळी वेगळीच गोष्ट दिसते. दहावीच्या मुलांना घेऊन मी गेलो होतो. पाळण्यातून ऐंशी-एक फूट खाली उतरलो. गुडघाभर थंड पाणी, भिंतीतून थेंब थेंब ठिबकतंय, चुन्याचा पांढरा थर हाताला लागतो, आणि दूरवर छताला उजेडाचं एक गोल भोक, त्याच्यापुढं आणखी एक. त्या कुंड्या. वरून बघितलं तर ओळीनं मांडलेल्या विहिरी वाटतात, शंभराच्या वर. पोरांना मी विचारलं, एवढा बोगदा खणायला माणसं कुठून लागली असतील? एकजण म्हणाला, डोंगराच्या टोकापासून. मी म्हटलं, मग मेली असती बिचारी. असा बोगदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग खणत नाहीत. आधी थोड्या थोड्या अंतरावर सरळ खाली कुंड्या उतरवायच्या, आणि मग या कुंडीपासून त्या कुंडीपर्यंत, तेवढंच खणायचं. माती त्याच भोकातून वर जाते, हवा त्याच भोकातून खाली येते. खणणाऱ्याच्या डोक्यावर आभाळाचा रुपयाएवढा तुकडा असतो, आणि दमला तर दोर धरून वर येता येतं.

अमेरिकेतल्या एमआयटीत डॅन एरिएली आणि वर्टनब्रोख यांनी कुंडीकुंडीनं खणण्याचा हाच प्रकार वर्गात करून पाहिला होता, निबंध २००२ मधला. एका वर्गाला तीन निबंधांसाठी सत्रभर सारख्या अंतरानं तारखा ठरवून दिल्या, दुसऱ्याला मोकळीक दिली. सारख्या अंतराच्या तारखांवाल्यांना मार्क चांगले पडले. मी त्या दिवशी खाली पाण्यात उभा राहून पोरांना एमआयटी सांगायला लागलो, पण पोरांचं लक्ष नव्हतं. ती पायांखालच्या पाण्यात हात घालून एकमेकांवर उडवत होती, आणि ते बरोबरच होतं.

वर यायच्या वेळी एक मुलगा मागं रेंगाळला. वर्गात कधी न बोलणारा, गणितात दोनदा गचकलेला. तो म्हणाला, "सर, या कुंडीतून एकजण खणतोय आणि त्या कुंडीतून दुसरा. मधे दगड. मग आपण बरोबर चाललोय हे त्यांना कसं कळत असेल?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पाळणा चालवणारा माणूस दोर सैल करत म्हणाला, "आवाज येत असेल ना पलीकडून. टिकावाचा."

मुलानं कान भिंतीला लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. आम्ही सगळे वर त्याची वाट बघत होतो.